बंद केलेला कप: स्टॅन्ली क्वेंचरचं प्रकरण

स्टॅन्ली या अमेरिकन थर्मास ब्रँडच्या क्वेंचर नावाच्या मोठ्या कपाची गोष्ट बहुतेक जण जळक्या गाडीपासून सुरू करतात. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका बाईंची गाडी आगीत खाक झाली. त्यांनी टिकटॉकवर व्हिडिओ टाकला: सगळं काळंठिक्कर, पण कपहोल्डरमध्ये कप उभा, आणि हलवला तर आत बर्फ खुळखुळतोय. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. एक-दोन दिवसांत कंपनीचे अध्यक्ष टेरेन्स रायली स्वतः कॅमेऱ्यासमोर आले आणि नवे कप तर पाठवतोच, गाडीही देतो, असं सांगून मोकळे झाले. तेव्हापासून हा किस्सा 'व्हायरल कसं व्हावं' याचा धडा म्हणून मार्केटिंगच्या वर्गांत फिरतोय.

किस्सा खरा आहे, धडा मात्र चुकीचा काढला जातो. कंपनीच्या उलाढालीचे प्रसिद्ध झालेले आकडे असे: 2019 मध्ये सुमारे 7.3 कोटी डॉलर, 2020 मध्ये 9.4 कोटी, 2021 मध्ये 19.4 कोटी, 2022 मध्ये 40.2 कोटी आणि 2023 साठी अंदाज 75 कोटींचा. गाडी जळाली तेव्हा 2023 चे दहा महिने सरले होते. लागोपाठ दोन वर्षं उलाढाल दुपटीच्या वर गेली, ती या व्हिडिओच्या आधी. म्हणजे वाढीचं कारण म्हणून जो व्हिडिओ दाखवला जातो तो वरातीमागून आलेलं घोडं आहे. वरात कुठून निघाली ते पाहायचं तर निदान सहा-सात वर्षं मागे जावं लागतं.

कंपनी आणि तिची अडचण

विल्यम स्टॅन्ली हा विजेच्या क्षेत्रातला माणूस. 1886 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात ट्रान्सफॉर्मर वापरून प्रत्यावर्ती (एसी) वीज पुरवून दाखवणारा हाच. 1913 मध्ये त्याने पूर्ण पोलादी थर्मास बनवला. तोवर थर्मासच्या आत काच असायची. पडला की संपला. स्टॅन्लीचा थर्मास पडला तरी फक्त पोचा यायचा. पुढे हा ब्रँड हातोहात फिरला आणि 2002 मध्ये सिएटलच्या पॅसिफिक मार्केट इंटरनॅशनल या कंपनीकडे आला.

(आपल्याकडे स्टॅन्ली म्हटलं की सुताराच्या खिशातला मेजरिंग टेप आठवतो. ती कंपनी वेगळी. आणि अमेरिकेत 'स्टॅन्ली कप' म्हटलं की आधी आइस हॉकीची ट्रॉफी. आपल्या ब्रँडबद्दल लोक ऑनलाइन काय बोलतात हे नाव टाकून शोधायला बसलेल्या माणसाच्या पदरी इथे निम्मं हॉकीच पडणार. नुसत्या उल्लेखांची मोजणी करून देणाऱ्या टूलवर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

शंभर वर्षं या कंपनीचा गिऱ्हाईक ठरलेला होता: साइटवर काम करणारा, ट्रक चालवणारा, शिकारीला किंवा मासे पकडायला जाणारा पुरुष. रंगही ठरलेला, खडबडीत हिरवा. वस्तू इतकी टिकाऊ की आजन्म वॉरंटी. ग्राहकाला हे फार छान वाटतं, पण धंद्याच्या दृष्टीने यात एक गाठ आहे. न मोडणारी वस्तू माणूस दुसऱ्यांदा का घेईल? बापाचा थर्मास मुलगा वापरतो ही जाहिरातीसाठी सुंदर गोष्ट असली, तरी त्या घरात एका पिढीची विक्री बुडालेली असते. क्वेंचरच्या सगळ्या प्रकरणात ही गाठ शेवटपर्यंत सोबत राहते, म्हणून ती आधी सांगितली.

कप आला आणि पडून राहिला

2016 मध्ये क्वेंचर बाजारात आला. 40 औंसांचा, म्हणजे जवळपास 1.2 लिटरचा, बाजूला दांडा, वर झाकण, झाकणातून स्ट्रॉ, आणि बूड निमुळतं, म्हणजे एवढा मोठा कप असूनही गाडीच्या कपहोल्डरमध्ये बसतो. दिवसातले दोन-तीन तास गाडीत काढणाऱ्या अमेरिकन माणसासाठी हे बूडच खरं डिझाइन आहे. किंमत पुढे 45 डॉलरच्या घरात गेली. तेव्हाच्या दराने आपले साडेतीन हजारांहून जास्त रुपये.

कप खपला नाही. 2019 च्या सुमारास कंपनीने त्यावरचं लक्ष काढून घेतलं आणि दुकानांत नवा माल भरणं थांबवलं.

इथे जरा थांबू, कारण छोटे-मोठे सगळेच ब्रँड याच जागी फसतात. 'माल खपला नाही' हा आकडा एकट्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. तो माल, मांडणी, रंग आणि समोरून जाणारं गिऱ्हाईक या सगळ्यांची मिळून बेरीज असतो. कॅम्पिंगच्या सामानात रमणाऱ्या पुरुषांच्या ब्रँडने दांड्याचा, स्ट्रॉचा कप काढला. तो कप ज्यांच्या उपयोगाचा होता त्या बायका त्या ब्रँडच्या वाटेलाही जात नव्हत्या. आणि असलेल्या गिऱ्हाइकांनाच विचारत राहिलं तर उत्तरही तेच मिळणार: आम्हाला हिरवा थर्मास पुरे आहे. हे उत्तर शंभर टक्के प्रामाणिक, आणि शंभर टक्के निरुपयोगी.

तीन बायका आणि एक यादी

त्याच काळात, 2017 मध्ये, अॅशली लेस्यूर, टेलर कॅनन आणि लिन्ली हचिन्सन या तिघींनी 'द बाय गाइड' नावाने खरेदीच्या शिफारशी द्यायला सुरुवात केली होती. ब्लॉग आणि इन्स्टाग्राम, दोन्हीकडे. त्यांनी अगदी सुरुवातीला सुचवलेल्या वस्तूंपैकी एक होता क्वेंचर. वाचक बहुतेक बायका, त्यातल्या पुष्कळ लहान मुलांच्या आया.

त्यांच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. लिंकवरून खरेदी झाली की त्यांना कमिशन मिळतं. म्हणजे वस्तू वाईट निघाली तर वाचक परत येणार नाही, आणि वस्तू दुकानात संपलेली असेल तर कमिशनही नाही. त्यामुळे कोणता माल कधी संपतो, परत कधी येतो, कोणत्या रंगावर उड्या पडतात हे त्यांना रोजच्या रोज कळत होतं. क्वेंचर सुचवला की साठा संपायचा. साठा आला की पुन्हा सुचवायचं, पुन्हा संपायचा. हे सगळं चालू असताना कंपनीच्या हिशेबात मात्र तो 'न खपणारा माल' होता.

कंपनी कप गुंडाळते आहे हे कळल्यावर तिघींनी वाचकांना जमेल तसा माल घेऊन ठेवायला सांगितलं आणि कंपनीपर्यंत पोचण्याची खटपट सुरू केली. लेस्यूरने एक कप रिअॅलिटी शोमुळे प्रसिद्ध झालेल्या एमिली मेनार्डला भेट पाठवला. मेनार्डने तो आपल्या पानावर दाखवला, ते स्टॅन्लीच्या विक्री विभागातल्या एका कर्मचारी बाईंच्या नजरेस पडलं आणि त्यांनी संपर्क साधला. असा संवाद कंपनीच्या ठरलेल्या वाटेने झाला नाही, एका जागरूक कर्मचाऱ्यामुळे झाला, हे मुद्दाम नोंदवतो.

तरी कंपनीने लगेच मान डोलावली नाही. उत्तर साधारण असं होतं: कमिशनची सोय आमच्याकडे नाही, हवा तर माल घाऊक घ्या आणि स्वतः विका. तिघींनी 5000 नग उचलले. ब्लॉग चालवणाऱ्यांनी गोदामाची, पॅकिंगची, न खपल्यास पैसे अडकण्याची जोखीम घेतली. माल काही दिवसांतच संपला. दुसरी खेप मागवली, ती तासाभरात.

हे 5000 नग म्हणजेच संशोधन

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि बहुतेक लेखांत तो दोन ओळींत उरकलेला असतो.

नवा ग्राहकवर्ग तपासायचा तर कंपन्या काय करतात? एजन्सी नेमतात, आठ-दहा जणींना एका खोलीत बसवून गप्पा घडवतात, प्रश्नावली भरून घेतात, मग एखाद्या शहरात थोडा माल सोडून पाहतात. प्रत्येक टप्प्याला पैसा लागतो. आणि पहिल्या दोन टप्प्यांत मिळतात ती मतं. 'हा कप 45 डॉलरला घ्याल का?' याला 'हो' म्हणायला काही पडत नाही.

इथे कंपनीला शेवटच्या टप्प्याचा निकाल आयता मिळाला. कोण घेतंय, किती दिवसांत घेतंय, पूर्ण किमतीला घेतंय का, दुसऱ्यांदा घेतंय का, सगळ्याची उत्तरं पैसे मोजून दिलेली. वर या चाचणीचा खर्च चाचणी घेणाऱ्यांनीच उचलला. कंपनीला घाऊक भावाने पैसे मिळाले. असं संशोधन कुणाच्या नशिबी येतं?

पण ते वाचायलाही माणूस लागतो. 2020 मध्ये टेरेन्स रायली अध्यक्ष म्हणून आले. ते आधी क्रॉक्समध्ये मार्केटिंगचे प्रमुख होते. लोक ज्या रबरी चपलेची टिंगल करायचे तिला गायक पोस्ट मलोनसारख्यांच्या नावाने मर्यादित आवृत्त्या काढून हवीहवीशी करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी हा निकाल अपवाद म्हणून बाजूला सारला नाही. त्याच वर्षी क्वेंचरने विक्रीत कंपनीच्या प्रसिद्ध हिरव्या थर्मासला मागे टाकलं.

नवं काय केलं? वस्तूत सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. बदलले ते रंग: मोजक्या छटांच्या जागी फिकट गुलाबी, साय, आकाशी, चकचकीत, मॅट. बदललं ते वेळापत्रक: ठरावीक दिवशी नवा रंग, थोडाच माल, संपला की संपला. बदलली ती भागीदारी: शिफारस करणाऱ्यांना कमिशन, गायिका लेनी विल्सनसोबत खास आवृत्ती, टार्गेटसारख्या दुकानसाखळीसाठी वेगळे रंग. 2022 मध्ये झाकण सुधारलं.

आता मघाची गाठ आठवा. न मोडणारा कप दुसऱ्यांदा का घ्यायचा? कारण पहिला निळा आहे आणि हा गुलाबी. रंगाने आजन्म वॉरंटीवर तोडगा काढला. साडीच्या कपाटाचं गणित कुठल्याही मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. पाण्याच्या भांड्याला ते लागू पडेल हे मात्र स्टॅन्लीला कळायला शंभर वर्षं लागली.

कंटेंट कुणी बनवला

टिकटॉकवर क्वेंचरचे जे व्हिडिओ चालले ते पाहिले तर लक्षात येतं की बहुतेक कंपनीने बनवलेलेच नाहीत. कपात बर्फ पडतानाचा आवाज, फळीवर रंगांनुसार लावलेली रांग, शाळेत मुलीने नेलेला कप, नव्या रंगासाठी पहाटे लावलेली रांग. कंपनीचं खरं काम त्याच्या आधीचं: दाखवावंसं वाटेल असं काहीतरी हातात देणं, आणि ते ठरावीक दिवशी देणं, म्हणजे सगळे एकाच आठवड्यात बोलतील.

लोकांनी तक्रारीही तितक्याच मोकळेपणाने केल्या. कप आडवा झाला की स्ट्रॉमधून पाणी सांडतं, हे हजारो जणांनी दाखवलं. मग बाजारात दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू आल्या: स्ट्रॉच्या तोंडाला टोपी, बुडाला सिलिकॉनचा बूट, कपाला बांधायची छोटी पिशवी, वर बसणारी खाऊची थाळी. प्रत्येक अशी वस्तू म्हणजे कपात काय कमी आहे याची पावती. बाजार-संशोधन करणाऱ्याने स्वतःच्या पानावरच्या कौतुकाच्या कमेंट मोजण्यापेक्षा, आपल्या मालाला जोड म्हणून दुसरे काय विकताहेत ते पाहावं. ओवाला नावाच्या ब्रँडने घट्ट बंद होणाऱ्या झाकणाची बाटली पुढे केली आणि पुढची लाट बऱ्याच अंशी तिकडे वळली. सांडण्याची तक्रार स्टॅन्लीच्या ग्राहकांनी केली होती, तिचा फायदा दुसऱ्याला झाला.

या बाजाराची ही रीतच आहे. 2019 मध्ये अमेरिकन शाळकरी मुलींच्या हातात हायड्रो फ्लास्क या ब्रँडची बाटली होती, मग स्टॅन्ली आला, मग ओवाला.

उतार

जानेवारी 2024 मध्ये टार्गेटच्या दुकानांत स्टारबक्ससोबतचा गुलाबी कप आला आणि लोक पहाटेपासून, काही ठिकाणी रात्रीपासून, दारात बसले. ढकलाढकलीचे व्हिडिओ फिरले. पन्नास डॉलरच्या आतला कप पुनर्विक्रीत शेकडो डॉलरला दिसू लागला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिलमध्ये 65 कप चोरल्याच्या आरोपावरून एका बाईला अटक झाली. पोलिसांनी मालाची किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास सांगितली. बातम्यांच्या दृष्टीने हा कळस होता. ब्रँडच्या दृष्टीने मला हा पहिला धोक्याचा इशारा वाटतो, कारण रांगेत कोण उभं आहे हे आता सांगता येत नव्हतं: पाणी पिणारा की पुनर्विक्री करणारा?

त्याच जानेवारीत लोकांनी घरगुती चाचणी-किट घेऊन कपात शिसं आहे का ते तपासायला सुरुवात केली. कंपनीने खुलासा केला: कपाच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी बुडाशी बंद करायला जो मण्याएवढा तुकडा वापरतात त्यात शिसं असतं, पण त्यावर पोलादी आवरण असतं आणि पाण्याशी त्याचा संबंध येत नाही, आवरण निघालं तर वॉरंटीत बदलून देऊ. तांत्रिक उत्तर ठीक होतं. तरी ग्राहकांनी दावे दाखल केले आणि हायड्रो फ्लास्कसारख्या स्पर्धकांनी आपण शिसं वापरत नाही हे लगोलग सांगितलं. हा तुकडा काही नव्याने आलेला नव्हता. अमुक प्रश्न एक दिवस विचारला जाणारच, हे ज्या कंपनीला आधी माहीत असतं तिने त्याचं उत्तर गाजावाजा नसताना, साध्या भाषेत देऊन ठेवायला हवं. गाडी जळाल्यावर अध्यक्षांचा चेहरा एक-दोन दिवसांत दिसला होता. शिशाच्या वेळी मात्र लोकांच्या वाट्याला निवेदन आलं.

डिसेंबर 2024 मध्ये कंपनीला एकट्या अमेरिकेत सुमारे 26 लाख प्रवासी मग परत मागवावे लागले, कारण गरम पेयाने झाकण सुटून भाजण्याचे प्रकार घडले होते. ती मॉडेल्स वेगळी, क्वेंचर त्यात नव्हता. पण बातमीच्या मथळ्यात नाव स्टॅन्लीचंच.

उचलायचं काय, सोडायचं काय

आपल्याकडे मसाले, साड्या, चांदीचे दागिने, लाकडी खेळणी विकणारे कितीतरी छोटे ब्रँड इन्स्टाग्रामवर उभे राहताहेत. पान सांभाळायला भाचा किंवा एजन्सी ठेवलेली असते आणि महिनाअखेरीला प्रश्न एकच: रील किती चालली? या प्रकरणावरून त्या मालकांनी दुसरे प्रश्न विचारावेत. ज्या मालाला आपण 'चालत नाही' म्हणून कोपऱ्यात टाकलंय तो नेमका कोण मागतंय? एकाच माणसाने, एकाच सोसायटीतून, एकाच गावातून वारंवार मागवलेला माल कोणता? व्हॉट्सअॅपवर 'हे परत कधी येणार?' असं विचारणाऱ्यांची यादी कुणी ठेवतंय का? ही माहिती ऑर्डर वहीत आणि चॅटमध्ये पडून असते. तिला पैसे लागत नाहीत, बसून वाचायला वेळ लागतो.

आणि कुणी उत्साही ग्राहक 'मला पन्नास नग द्या, मी विकून दाखवते' म्हणाली, तर आधी द्यावेत आणि मग ती कुणाला विकते ते विचारावं.

रायलींनी जळक्या गाडीला जसं उत्तर दिलं तसं मात्र करू जाऊ नये. ते जमलं कारण पाठीशी 75 कोटी डॉलरची उलाढाल होती आणि वस्तूचा मूळ दावाच टिकाऊपणाचा होता. आगीने तो फुकटात सिद्ध केला. टंचाईचा प्रयोगही जपून करावा: लोणच्याचा माल मुद्दाम कमी ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.

कौतुक करताना एक गोष्ट मला खटकत राहते. पुन्हापुन्हा वापरायची भांडी वापरा, फेकायच्या बाटल्या टाळा, या विचारावर या वस्तूंचा सगळा बाजार उभा राहिला, आणि शेवटी एकेका घरात फळीभर कप जमले. कंपनीच्या खात्यात सातवा कप आणि पहिला कप सारखाच दिसतो. विक्री वाढली म्हणजे नवं माणूस जोडलं की जुनंच पुन्हा आलं, हे वेगळं मोजलं नाही तर 2019 मध्ये जी चूक झाली तिचीच उलटी बाजू समोर येते: तेव्हा पडलेला आकडा फसवत होता, आता चढलेला फसवेल.

रायली एप्रिल 2024 मध्ये क्रॉक्सच्या हे-ड्यूड या ब्रँडचे अध्यक्ष होऊन गेले. त्याच वर्षी स्टॅन्लीने लिओनेल मेस्सीसोबत नवी मालिका आणली, आणि तीत माते हे पेय पिण्याचं भांडंही होतं. अर्जेंटिनात काखेत थर्मास आणि हातात माते घेऊन फिरणारे लोक पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्यात स्टॅन्लीचं नाव जुनं आहे. तिथे हा बाजार तयार करावा लागला नाही. तो कंपनीच्या विक्रीच्या कागदांत आधीपासूनच होता.